मरणाच्या कागदावर कोण लिहितो?

(घाटंजी येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई, पुणे, नागपूरहून एसटीचे धक्के खात तुम्ही घाटंजीला आलात. काहींनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका. कापसाचा मुलूख. इथं पऱ्हाटीच्या वावरात पाठीवर पंप घेऊन जो माणूस फिरताना दिसतो, तो पुष्कळदा वावराचा मालक नसतो. रोजीने आलेला असतो. आपल्या वस्तीतला असतो, कोलामांच्या पोडावरचा असतो, गोंड-परधानांच्या घरचा असतो. वावर दुसऱ्याचं, औषध दुसऱ्याचं, पंप दुसऱ्याचा. फुप्फुस तेवढं याचं.

मला विषय दिलाय 'मृतांच्या वारसांना कायदेशीर मदत'. मोर्चा म्हटला की आपलं रक्त तापतं. कायदा म्हटला की जांभई येते. हे मला माहीत आहे. पण आज जांभई आवरा. कारण मोर्चा संपून आपण घरी जातो, तेव्हा मेलेल्याची बायको त्याच घरात असते आणि तिच्यापुढे कागद असतात. तिला वाचता येत नाहीत असे कागद. त्या कागदांवर काय लिहिलंय, कोणी लिहिलंय आणि कधी लिहिलंय, यावर तिला न्याय मिळणार की दोन ओळींची सहानुभूती, हे ठरतं.

२०१७ चा पावसाळा आठवा. जुलै ते नोव्हेंबर. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. अळी आणि किडी आटोक्यात येत नव्हत्या. कृषी केंद्रवाला सांगेल ते, दोन-तीन औषधं एकत्र कालवून, फवारणी सुरू. बॅटरीवर चालणारे पंप बाजारात आले होते, त्यांचा फवारा बारीक आणि जोराचा. हवेत दमटपणा, वर ऊन, आणि उंच झाडांमध्ये उभा माणूस. फवारा झाडावर कमी, त्याच्या तोंडावर जास्त. संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी, ओकाऱ्या, घाम, हातापायाला कंप. माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात येऊ लागली. दहा नाही, वीस नाही, शेकडो. यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर जीव गेले. घाटंजी तालुक्यातल्या गावांतूनही माणसं गेली. कोणी कास्तकार, कोणी शेतमजूर.

बोंब झाली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, पुढारी आले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमलं. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. मेलेल्याच्या घरच्यांना २ लाख रुपये जाहीर झाले. आणि दुसऱ्या बाजूने एक सूर सुरू झाला: हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, औषधं एकत्र कालवली, वाऱ्याच्या दिशेने फवारलं. म्हणजे मेला तो स्वतःच्या चुकीने मेला.

मी विचारतो, मास्क कोणी द्यायचा होता? १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, त्याखाली १९७१ चे नियम आहेत. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, उतारा जवळ असला पाहिजे, डब्यासोबत माहितीचं पत्रक प्रादेशिक भाषेतही असलं पाहिजे, हे त्या नियमांत आहे. पण पत्रक डब्यासोबत मालकाच्या घरी जातं. मजुराच्या हातात येतो तो ड्रममध्ये आधीच कालवलेला पांढरा घोळ. त्याने काय वाचायचं? ड्रम वाचायचा?

आणि आपली भाषा बघा. विषाला आपण 'औषध' म्हणतो. जे औषध आहे त्याने माणूस मरेल कसा, हा प्रश्न मग त्या शब्दातच गाडला जातो.

आता मेलेल्या माणसाकडे सरकार कसं बघतं, ते सांगतो. सरकारकडे कप्पे आहेत. पहिला कप्पा आत्महत्येचा. शेतकऱ्याने विष घेतलं, त्याच्या घरात जमीन आहे, कर्ज आहे, वसुलीचा तगादा आहे, हे समितीपुढे सिद्ध झालं तर १ लाख. दुसरा कप्पा अपघाताचा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना. त्यात फवारताना झालेली विषबाधा बसते, रक्कम २ लाख. पण सातबारा पाहिजे. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक सदस्य, एवढेच त्यात येतात.

आणि ज्याच्या बापजाद्यांच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती, तो? त्याला कप्पाच नाही. २०१७ ला बोंब झाली म्हणून २ लाख जाहीर झाले. ज्या साली एकटाच मजूर मरतो, टीव्हीवाले येत नाहीत, त्या साली काय? सातबारा नसणं हा काय त्याचा गुन्हा आहे? या देशात जमीन कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे जातीने ठरवलं. आता तीच जात मरणानंतर अर्जाच्या रांगेत पुन्हा भेटते. 'जात' असं कुठंच लिहिलेलं नसतं. नुसतं लिहिलेलं असतं, 'सोबत सातबारा जोडावा'.

दोस्तांनो, इथपर्यंत तुम्ही मान हलवताय. पुढचं ऐका, कारण पुढचं आपल्यावर येतं.

कायदा नाही असं नाही. कायदा आहे, आणि चांगला आहे. १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ कलम आलं. पैसा नाही किंवा दुसरी काही अडचण आहे म्हणून कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते सांगतं. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याचं १२ वं कलम प्रत्येकाने पाठ करा. मोफत वकील कोणाला? अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला. बाईला आणि मुलाला. अपंगाला. वेठबिगाराला. औद्योगिक कामगाराला. कोठडीतल्या माणसाला. आणि जो माणूस सामूहिक आपत्ती, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक आपत्तीचा बळी आहे, त्यालाही. या सगळ्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पुन्हा सांगतो, लागत नाही. उत्पन्नाची अट या यादीत न बसणाऱ्यांसाठी आहे.

म्हणजे फवारणीत मेलेल्या मजुराची बायको कोणत्याही जातीची असो, ती बाई आहे एवढंच पुरेसं आहे. तिला वकील सरकारने द्यायचा. कोर्ट फी सरकारने भरायची. नकला काढायचा, टाईप करायचा खर्च सरकारचा. तालुक्याला विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. १५१०० हा फोन आहे. अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा आहे. नाकारला तर वर अपील आहे. २०१० साली तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आपत्तीतल्या लोकांसाठी वेगळी योजना केली. आपत्ती झाली की जिल्ह्याच्या प्राधिकरणाने माणसं घेऊन तिथं जायचं. भरपाई, विमा, हरवलेले कागद यात वारसांच्या पाठीशी उभं राहायचं.

मग अडलं कुठं?

अडलं एका शब्दावर: अर्ज. तिने अर्ज करायचा. जिचा नवरा काल गेला, जिच्या पोराला ताप आहे, जी तेरवीपर्यंत घराबाहेर पडली तर गाव बोट दाखवील, तिने तालुक्याला जाऊन कोर्टाच्या आवारातली ती खोली शोधायची आणि म्हणायचं, साहेब, कलम १२ प्रमाणे मला वकील द्या. अरे, तिला कलम १२ माहीत असतं तर वकील कशाला लागला असता?

आणि ती तेरवीनंतर जाईल तोवर खेळ संपलेला असतो. पहिल्या दिवशी काय काय होतं ते मांडून बघा.

माणूस दवाखान्यात आणला. केस पेपरवर डॉक्टर लिहितो. काय लिहितो? 'विष प्राशन' की 'फवारणी करताना विषबाधा'? एक शब्द. 'प्राशन' लिहिलं की माणसाने विष प्याला, आत्महत्या केली. अपघाताची योजना बंद. कंपनी सुटली. कृषी केंद्र सुटलं. मालक सुटला. उरला तो फक्त मेलेला. रात्री दोन वाजता, वॉर्ड भरलेला असताना, घाईत लिहिलेला एक शब्द, आणि तो पुढे दहा वर्षं त्या घराच्या मानगुटीवर बसतो.

माणूस मेला. पोलीस मर्ग दाखल करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली करायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली करतात. पंचनामा होतो. पंच कोण? गावातलीच दोन माणसं, पुष्कळदा मालकाच्या ऐकण्यातली. वावरात डबा पडलेला आहे. तो जप्त झाला का? डब्यावरचा बॅच नंबर पंचनाम्यात आला का? कपडे कुठं गेले? बायकोने धुतले. का नाही धुणार? तिला कोणी सांगितलं की तो नवऱ्याच्या मरणाचा पुरावा आहे? औषधाचं बिल कोणाच्या नावावर? मालकाच्या. मिळेल का? व्हिसेरा राखून ठेवला का? तपासणीला गेला का? रक्ताचा नमुना जिवंत असताना घेतला होता का?

हे सगळं २४ ते ४८ तासांत होऊन जातं. त्यावेळी तिच्या बाजूने तिथं कोणी नसतं.

आता तुलना करा. आरोपी पकडला तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा उभं करतात तेव्हाच वकील द्यायला राज्य बांधील आहे, असं सुप्रीम कोर्टाने खत्री खटल्यात १९८० साली सांगितलं. बरोबर आहे, तसंच पाहिजे. आपली किती पोरं आरोपी म्हणून उभी केली जातात, ते आपल्याला माहीत आहे. दुसरं उदाहरण, रस्त्यावर ट्रकखाली माणूस मेला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि न्यायाधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज समजायचा असतो. म्हणजे कागद आपल्या पायाने न्यायाधिकरणात जातो. बाईने अर्ज केला नाही म्हणून दरवाजा बंद होत नाही.

मग ट्रकखाली मेलेल्यासाठी जे जमतं ते फवाऱ्याखाली मेलेल्यासाठी का जमत नाही? माझं म्हणणं एवढंच आहे. विषबाधेचा मर्ग दाखल झाला की त्याची खबर पोलीस ठाण्याने त्याच दिवशी तालुका विधी सेवा समितीला दिली पाहिजे. समितीने ती खबर हाच अर्ज समजला पाहिजे. आणि वकील किंवा विधी स्वयंसेवक शवविच्छेदनाच्या आधी दवाखान्यात हजर पाहिजे. वकील मरणाच्या दिवशी पाहिजे. तेराव्याला आलेला वकील नुसताच पाहुणा.

मुदतीचंही बघा. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आहे. इंग्रजांच्या काळचा, पण जिवंत आहे. कोणाच्या हलगर्जीने माणूस मेला तर बायको, नवरा, आई-बाप, पोरं यांच्यासाठी दिवाणी दावा करता येतो. मुदत किती? मरणापासून २ वर्षं. २०१७ साली १९२३ चा कामगार भरपाई कायदा लागू होता. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशक फवारणारा माणूस होता. मुदत तिथंही २ वर्षं. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण त्या दोन वर्षांत किती घरांना सांगितलं गेलं की असा कायदा आहे? २ लाखांचा धनादेश देताना फोटो काढला, त्या फोटोच्या मागे ही मुदत गुपचूप सरत होती. मदत म्हणून दिलेला पैसा हक्काचं तोंड बंद करायला वापरला जातो, तो असा.

इथं एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणार नाही. कामगार भरपाईचा दावा मालकावर होतो. आणि पुष्कळदा मालक म्हणजे पाच एकरांचा कोरडवाहू कास्तकार. तोही कर्जात. त्याच मोसमात असे कास्तकारही मेले. मजुराच्या विधवेने त्याच्यावर दावा केला तर तिची रोजी बंद, गावात बोलणं बंद, कदाचित पाणी बंद. बहिष्कार काय असतो ते तुम्हाला शिकवायला नको. म्हणून गावातल्या पुढाऱ्याच्या ओळखीचा वकील तिच्या कामाचा नाही. तिला असा वकील पाहिजे जो कास्तकाराच्या वर बघेल. डबा कोणी बनवला, कोणी विकला, कोणत्या अधिकाऱ्याने परवाना दिला, तपासणी कोणी केली नाही. लहान माणसाला लहान माणसावर सोडायचं आणि मोठा बाजूला उभा राहून बघणार, हा डाव आपण ओळखला पाहिजे.

वर बघितलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. यवतमाळात विषबाधितांची संघटना उभी राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात सिंजेंटा कंपनीविरुद्ध भरपाईची मागणी दाखल केली. कंपनीचं मुख्यालय तिथं. प्रश्न तिच्या 'पोलो' या कीटकनाशकाचा. त्यातलं डायफेन्थियुरॉन हे रसायन खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला परवानगी नव्हती. त्यासोबत ५१ कुटुंबांनी स्विस सरकारच्या संपर्क केंद्राकडे वेगळी तक्रार केली. बर्लिनच्या वकिलांची एक संस्था, स्वित्झर्लंडची 'पब्लिक आय' आणि भारतातलं 'पॅन इंडिया' पाठीशी होतं. कंपनीने जबाबदारी नाकारली. ते तिचं म्हणणं. पण स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२१ पासून डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली, हेही खरं.

आता माझ्या मुद्द्याकडे या. ती तक्रार कशावर उभी होती? मोठ्या पुस्तकांवर नाही. यवतमाळच्या पोलिसांच्या नोंदींवर. त्या नोंदींतून 'पोलो'शी जोडलेल्या ९६ विषबाधा आणि २ मृत्यू मोजता आले. कुठल्या तरी ठाण्यातल्या कुठल्या तरी हवालदाराने डब्यावरचं नाव वहीत लिहिलं होतं, म्हणून ते बासेलपर्यंत गेलं. ज्याच्या बाबतीत लिहिलं नाही, त्याचं मरण वावराच्या धुऱ्यावरच संपलं. एका ओळीची ही ताकद आहे. आणि ती ओळ लिहून घ्यायला आपल्यातलं कोणी तिथं नव्हतं.

स्विस कायद्यात उत्पादकावर दावा करायला साधारण ३ वर्षांची मुदत. सप्टेंबर २०२० ही तारीख तुम्हाला आता वेगळी दिसेल. वेळ संपत आलेली होती.

पण नुसता वकील मिळाला की सगळं झालं, असंही समजू नका. भोपाळ आठवा. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला. हजारो मेले. १९८५ साली संसदेने कायदा करून सगळ्यांच्या वतीने दावा लढवायचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. म्हणजे सगळ्यात मोठा फुकट वकील. सरकार अमेरिकेच्या कोर्टात गेलं, तिथल्या न्यायाधीशाने १९८६ साली सांगितलं, भारतात जा. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वस्तीतल्या बायांना कोणी विचारलं नाही. त्या दिल्लीला जाऊन ओरडल्या, लढल्या, २०२३ पर्यंत लढत राहिल्या. त्या साली भरपाई वाढवून मागणारी सरकारची याचिकाही सुप्रीम कोर्टाने फेटाळली. फुकट वकील मिळाला आणि तोंड गेलं, असं झालं. म्हणून वकील आपला पाहिजे आणि सहीसुद्धा आपली पाहिजे. तडजोडीच्या कागदावर अंगठा उठवायच्या आधी तो कागद तिच्या भाषेत, तिच्या घरात, तिच्या माणसांपुढे वाचला गेला पाहिजे.

हा आपल्याच देशाचा रोग आहे असंही नाही. इंग्लंडात १९८९ साली हिल्सबरो नावाच्या फुटबॉलच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली. पोलिसांचे वकील सरकारी पैशाने उभे. मेलेल्यांचे आई-बाप वर्गणी काढून वकील लावत होते. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला, दारू पिऊन आले म्हणाले. ओळखीचं वाटतं ना? तिकडे दारू, इकडे हातमोजे. ती माणसं अन्यायाने मारली गेली हे ज्यूरीने सांगायला २०१६ उजाडलं. २७ वर्षं. त्या घरांनी हट्ट सोडला नाही, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या पार्लमेंटात विधेयक आलं. सरकारी यंत्रणा चौकशीत वकील घेऊन उभी असेल, तर मेलेल्याच्या घरच्यांनाही उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील, असं त्यात आहे.

दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार थिएटर जळालं, ५९ गेले. तिथल्या घरच्यांनी महिन्याच्या आत संघटना बांधली. बडा वकील त्यांच्यासाठी बिनपैशाने उभा राहिला. तरीही सुप्रीम कोर्टात २०१५ उजाडलं. शिकलेल्या, दिल्लीत राहणाऱ्या आई-बापांना १८ वर्षं लागली. मग घाटंजीच्या पोडावरच्या बाईला किती लागतील, हिशेब तुम्हीच करा.

आपल्याला हिशेब नवा नाही. चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली ओंजळीत घेतलं, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच तळ्याचा दिवाणी दावा बाबासाहेबांनी कोर्टात लढवला आणि हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, हे किती जण सांगतात? दहा वर्षं. तारखा, साक्षी, नकला, अपील. सत्याग्रह करणारा माणूसच कागदाची लढाईही लढत होता. आपण पहिली ओंजळ घेतली, आणि फाईल वकिलांवर सोडून दिली.

म्हणून शहरातल्या दोस्तांनो, तुमच्याकडे काम आहे. तुमच्यात लॉ कॉलेजची पोरं आहेत, नर्सिंगच्या पोरी आहेत, कोणी टायपिंग करतं, कोणी मोबाईलवर दिवसभर असतं. ऐका.

एक. जुलै ते ऑक्टोबर, फवारणीच्या मोसमात, प्रत्येक तालुक्यासाठी चार-पाच जणांचा गट करा. विधी सेवेत स्वयंसेवक म्हणून नावं नोंदवा, ओळखपत्र घ्या. दवाखान्याच्या दारात ओळखपत्राला किंमत असते.

दोन. माणूस आणला की केस पेपर वाचा. 'प्राशन' लिहिलं असेल आणि तो फवारत होता, तर तिथल्या तिथं, लेखी, नातेवाइकाच्या सहीने हरकत द्या. पोच घ्या. तोंडी बोलणं हवेत जातं.

तीन. डबा, झाकण, पत्रक, कपडे. धुऊ नका, फेकू नका, जाळू नका. हात न लावता फोटो काढा, डब्यावरचा बॅच नंबर दिसेल असा. पंचनाम्यात त्याची नोंद मागा.

चार. मर्ग नंबर, शवविच्छेदन अहवाल, व्हिसेराचा अहवाल, यांच्या नकला मागा. दिल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज.

पाच. मरणाची तारीख भिंतीवर लिहा. तिथून २ वर्षं मोजा. मुदतीच्या आधी दावा गेलाच पाहिजे.

सहा. दोन घरं एकत्र बसवा. मग चार. एकट्या बाईला कार्यालयात खुर्ची मिळत नाही, दहा बाया गेल्या की साहेब स्वतः उठतो.

आणि सरकारकडे आपली मागणी सरळ आहे. विषबाधेची खबर हाच मदतीचा अर्ज समजा. सातबारा नसलेल्या शेतमजुराला अपघात योजनेत घ्या. वारसाला सगळ्या नकला फुकट द्या. ही भीक नाही. ३९-अ कलम वाचा, १२ वं कलम वाचा, तुमचीच पुस्तकं आहेत.

काही जण म्हणतील, हे सुधारणेचं काम झालं, क्रांतीचं नाही. त्यांना मी एवढंच सांगीन, एकदा वॉर्डात जाऊन उभे राहा. जिच्या हातात केस पेपर आहे आणि जिला तो वाचता येत नाही, तिच्या शेजारी उभे राहा. त्या कागदावर कोण लिहितो हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. यंदाचा मोसम सुरू होईल तेव्हा तिच्या शेजारी लिहिता-वाचता येणारं आपलं माणूस उभं पाहिजे. उद्या सकाळी जेवणाआधी तालुक्यांचे गट पाडायचे आहेत. नावं द्या. कागद-पेन मागच्या टेबलावर ठेवलंय.

जयभीम.